शिपायाचे म्हातारपण आणि घरच्या शुश्रूषेचे मोल

१

सैनिकाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते ते बहुतेक त्याच्या तरुणपणाविषयी किंवा त्याच्या मरणाविषयी असते. रणांगण, शौर्य, पदक, हौतात्म्य या शब्दांच्या पलीकडे प्रस्थापितांची लेखणी सहसा जात नाही. परंतु जो शिपाई लढाई पाहूनही मेला नाही, नोकरीची वर्षे पुरी करून पस्तिशी-चाळिशीत ट्रंक घेऊन घरी आला, तो पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगतो. वॉचमनकी करतो, शेतमजुरी करतो, पोरे शिकवतो, आणि मग एक दिवस त्याला खाटेवरून उठता येत नाही. त्या दिवसापासून त्याच्या घरात प्रश्न एवढाच उरतो: याला उठवून बसवणार कोण, आणि जो उठवेल त्याच्या कष्टाचे पैसे देणार कोण?

हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. तो तसा नाही. शिपायाला म्हातारपणी काय मिळते, कशासाठी मिळते आणि कशासाठी मिळत नाही, हे शासनाच्या नियमांनी ठरलेले आहे. ते नियम ज्यांच्यापर्यंत पोचतात आणि ज्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, त्यांच्यातली रेषा पुष्कळ वेळा जातीच्या इतिहासाने आखलेली आहे. म्हणून या विषयाची नीट मांडणी आपल्या वाचकांसमोर होणे आवश्यक आहे.

२

प्रथम पेन्शन म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांच्या मनात अजून अशी समजूत आहे की पेन्शन ही सरकारने खूष होऊन दिलेली बक्षिसी आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली, डी. एस. नकारा खटल्यात ही समजूत मोडीत काढली. निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे. ती केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे आणि म्हातारपणी माणसाला सन्मानाने जगता यावे यासाठीची तरतूद आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. अमुक तारखेआधी निवृत्त झालेल्यांना वगळून त्यानंतरच्यांनाच सुधारित पेन्शन देणे हे समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवले गेले, आणि त्याचा लाभ लष्करी पेन्शनरांनाही झाला.

आपल्या समाजाला पेन्शनचे मोल न्यायालयाने सांगण्यापूर्वीच ठाऊक होते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई होते. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांत ‘नाक’ असा शेवट असलेली बावीस नावे कोरलेली आहेत. या फौजेतून बाहेर पडलेल्या शिपायाच्या हाती दोन वस्तू आल्या: अक्षर आणि दरमहाची ठरलेली रक्कम. बलुत्याच्या भाकरीवर न जगणारे, गावच्या पाटलाच्या तोंडाकडे न पाहणारे एक उत्पन्न अस्पृश्याच्या घरात प्रथमच आले ते पेन्शनच्या रूपाने. दापोलीच्या कॅम्पात अशा पेन्शनरांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तेथे राहिले आणि पुढे साताऱ्याला आले. त्यांच्या सर्वांत धाकट्या मुलाने पुढे देशाची राज्यघटना लिहिली.

१८९२ च्या सुमारास हे दार बंद झाले. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती असा नवा भेद इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी स्वीकारला आणि महारांची भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर शिपाई. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’च्या वतीने १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी झाली.

भरतीचा हा इतिहास आपण अनेकदा वाचला आहे. परंतु तो पेन्शनचाही इतिहास आहे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जवानाला सेवा-पेन्शन मिळण्यासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. जी पलटण १९४१ मध्ये जन्माला आली तिच्यातल्या शिपायाची १९४६ मध्ये पाच वर्षेच भरत होती. युद्ध संपल्यावर पंचवीस लाखांच्या वर गेलेली फौज झपाट्याने कमी करण्यात आली. घरी पाठवले गेलेले शिपाई सर्व जातींचे होते आणि त्यांतल्या पुष्कळांना पेन्शन मिळाली नाही. तरीही एक फरक राहतोच. ज्यांच्यासाठी फौजेचे दार १९४१ पूर्वीही उघडे होते त्यांच्यात पंधरा वर्षे भरलेली माणसे होती. ज्यांच्यासाठी ते बंद होते त्यांच्या पलटणीत अशी माणसे असणे जवळजवळ अशक्य होते. १८९२ चा अन्याय असा १९४६ च्या डिस्चार्ज बुकात उतरला आणि तेथून तो शिपायाच्या म्हातारपणात आला.

३

आता आजच्या परिस्थितीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धातले जे थोडे शिपाई हयात असतील ते शंभरीला टेकले आहेत. त्यांच्यामागे उरल्या आहेत त्या बहुधा त्यांच्या विधवा. मोठी संख्या आहे ती १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत असलेल्यांची. १९७१ मध्ये जो एकवीस वर्षांचा होता तो २०३० मध्ये ऐंशी पुरे करील. म्हणजे ज्या पिढीला आपण ‘माजी सैनिक’ म्हणून २६ जानेवारीला छातीवर पदके लावून उभी पाहतो, ती सगळी पिढी येत्या काही वर्षांत खाटेच्या आसऱ्याला येणार आहे.

या पिढीच्या हाती काय आहे? एकेक तरतूद तपासून पाहू.

पहिली, सेवा-पेन्शन. १ जानेवारी २०१६ पासून किमान पेन्शन दरमहा ९,००० रुपये आहे. ‘वन रँक वन पेन्शन’चा आदेश नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला. तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला आणि त्यानुसार दर पाच वर्षांनी पेन्शनची फेररचना होते. जुन्या शिपायाला याचा फायदा झाला हे मान्य केले पाहिजे.

दुसरी, वयपरत्वे वाढ. ऐंशी पुरी झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के, पंचाऐंशीला ३० टक्के, नव्वदीला ४० टक्के, पंच्याण्णवला ५० टक्के आणि शंभरीला पूर्ण १०० टक्के अधिक रक्कम मिळते. ही तरतूद सहाव्या वेतन आयोगापासूनची आहे आणि ती कुटुंब-पेन्शन घेणाऱ्या विधवेलाही लागू आहे. समजा, मूळ पेन्शन २०,००० आहे. ऐंशीव्या वर्षी त्यात ४,००० ची भर पडते, पंचाऐंशीव्या वर्षी ६,००० ची. शिवाय महागाई भत्ता. या वाढीमागचा विचार उघड आहे: वयाबरोबर खर्च वाढतो, विशेषतः औषधाचा आणि सोबतीच्या माणसाचा.

तिसरी, ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. ती १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. एकदाच वर्गणी भरायची. मग पेन्शनर, त्याची पत्नी आणि अवलंबून असलेली माणसे यांना पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी व औषध आणि तेथून पाठवल्यास मान्यताप्राप्त हॉस्पिटलात रोख न भरता उपचार. पेन्शन नसलेल्याला या योजनेत जागा नव्हती. २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आणि अन्य काही वर्ग यांच्यासाठी ती उघडण्यात आली.

चौथी तरतूद आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. तिचे नाव ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’, म्हणजे सतत सोबत लागणाऱ्या माणसासाठीचा भत्ता. १ जुलै २०१७ पासून त्याचा मूळ दर दरमहा ६,७५० रुपये ठरला आणि पुढची वाढ महागाई भत्त्याशी जोडली गेली. तो सर्व हुद्द्यांना सारखाच आहे. परंतु तो कोणाला मिळतो? ज्याचे अपंगत्व शंभर टक्के आहे, ते अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले किंवा वाढले असे मान्य झालेले आहे, आणि त्याच अपंगत्वामुळे सतत माणूस लागतो असे मेडिकल बोर्डाने लिहून दिले आहे, त्यालाच.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एका शिपायाचे दोन्ही पाय १९७१ मध्ये सुरुंगावर गेले. त्याला हा भत्ता मिळू शकतो, आणि तो मिळालाच पाहिजे. अशा जखमींसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रही आहे. दुसरा शिपाई त्याच युद्धात त्याच्याच शेजारी होता. त्याला काही झाले नाही. तो नोकरी पुरी करून घरी आला आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अर्धांगवायूने पडला. ईसीएचएसमधून तो हॉस्पिटलात जाईल, दहा-बारा दिवस राहील, बरा होण्याइतका बरा होईल आणि घरी येईल. घरी आल्यावर त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागेल, नाही तर पाठीला जखमा होतील. भरवावे लागेल, अंग पुसावे लागेल, मलमूत्र काढावे लागेल. या कामासाठी त्याला भत्ता नाही. त्याचे दुबळेपण लढाईचे नाही, वयाचे आहे. आणि आपल्या नियमांना जखम ओळखता येते, म्हातारपण ओळखता येत नाही.

ऐंशीनंतरची टक्केवारीची वाढ आहेच, असे कोणी म्हणेल. पण तिचा हिशेब नीट पाहा. ज्या वरिष्ठ अधिकाऱ्याची मूळ पेन्शन एक लाख आहे त्याला ऐंशीव्या वर्षी २०,००० अधिक मिळतात. ज्या शिपायाची विधवा ९,००० च्या किमान कुटुंब-पेन्शनवर आहे तिला १,८०० अधिक मिळतात. पुण्या-मुंबईत काय किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी काय, १,८०० रुपयांत महिनाभर माणूस ठेवता येत नाही. दोघांनाही कूस बदलायला लागतात ते हात सारखेच. त्या हातांची संख्या हुद्दा पाहून कमी-जास्त होत नाही. पेन्शन हुद्द्यावर चढत-उतरत गेली तर ते समजण्याजोगे आहे, कारण ती पगारावर आधारलेली आहे. परंतु शुश्रूषेची गरज ही शरीराची गरज आहे, आणि शरीराला वर्ण नसतो तसा हुद्दाही नसतो.

४

ज्यांना पेन्शनच नाही त्यांच्यासाठी काय? त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डातर्फे दिली जाणारी ‘पेन्युरी ग्रँट’ आहे. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा, पेन्शन नसलेला, पासष्ट वर्षांवरील, नियमित उत्पन्न नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करते. ही रक्कम दरमहा ४,००० होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ८,००० करण्याचा निर्णय झाला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती लागू झाली. महाराष्ट्रासह काही राज्ये दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना व त्यांच्या विधवांना स्वतंत्र मासिक मानधनही देतात.

रक्कम दुप्पट झाली ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ती येते कोठून? सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून. म्हणजे १९४९ पासून दर ७ डिसेंबरला छातीवर कागदी ध्वज लावून जो निधी गोळा केला जातो, त्यातून. आणि ‘पेन्युरी’ या शब्दाचा अर्थच दारिद्र्य असा आहे. पंधरा वर्षे भरलेल्या शिपायाला मिळतो तो हक्क. पाच वर्षे युद्धात काढून घरी पाठवलेल्याच्या विधवेला मिळते ते दारिद्र्य सिद्ध केल्यानंतरचे साहाय्य. नकारा निकालाने जो हक्क आणि जी मेहेरबानी यांत फरक केला, तो फरक एकाच खंदकात उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये आजही शिल्लक आहे.

आणि हा प्रश्न जुन्या पिढीबरोबर संपेल असे समजण्याचे कारण नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर फार तर चौथ्या हिश्श्याला कायम जागा. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी आणि रजा. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी हाती आलेले पैसे ऐंशीव्या वर्षी खाटेजवळ असतील का, याचे उत्तर देण्याची जबाबदारी योजनेने त्या मुलावरच टाकली आहे. १९४६ मध्ये जे युद्ध संपले म्हणून झाले, ते आता नियम म्हणून होणार आहे.

५

दुसऱ्या देशात हा विचार कसा केला गेला हे पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत माजी सैनिकांच्या पेन्शनला जोडून ‘एड अँड अटेंडन्स’ नावाची वाढ दिली जाते. युद्धकाळात सेवा केलेला, पासष्ट वर्षांवरील किंवा कायमचा अपंग, आणि उत्पन्न व मालमत्ता ठरावीक मर्यादेखाली असलेला माजी सैनिक, अंघोळ, कपडे, जेवण, शौच या रोजच्या गोष्टींत दुसऱ्याच्या मदतीवाचून चालत नसेल, तर त्याला ही रक्कम मिळते. त्याच्या विधवेलाही मिळू शकते. येथे महत्त्वाचा मुद्दा असा की, दुबळेपण लष्करी सेवेमुळेच आले पाहिजे अशी अट नाही. घरी ठेवलेल्या माणसाचा खर्च उत्पन्नातून वजा धरला जातो. २०१० च्या एका कायद्याने तर, सेवेमुळे गंभीर अपंगत्व आलेल्या सैनिकाची देखभाल घरातले जे माणूस करते, त्याच्याच हाती दरमहा मानधन देण्याची सोय केली. २०२० आणि २०२२ मध्ये ती टप्प्याटप्प्याने जुन्या युद्धांच्या सैनिकांनाही खुली झाली.

याचा अर्थ अमेरिका आदर्श आहे असा नव्हे. ज्या देशात दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये जीआय बिल झाले, त्याच देशातल्या मिसिसिपी राज्यात १९४७ साली त्या कायद्याच्या हमीने दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांच्या वाट्याला दोन आली. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. पण कर्ज मंजूर करणारी बँक, अर्ज पुढे सरकवणारा कारकून आणि घर विकणारा मालक यांना रंग दिसत होता. यातून आपण एकच धडा घ्यायचा. कायद्याचे शब्द समतेचे असले म्हणजे लाभ समतेने पोचतो असे नाही. तो कोणाच्या टेबलावरून जातो, हेही पाहावे लागते.

६

आता खाटेच्या दुसऱ्या बाजूला कोण आहे ते पाहू. बहुतेक घरांत तेथे म्हाताऱ्याची बायको असते. ती नसेल तर सून, नाही तर परतून आलेली लेक. तिच्या कष्टाला आपण ‘सेवा’ म्हणतो. सेवा हा शब्द पवित्र आहे, आणि पवित्र शब्द वापरला की मजुरी द्यावी लागत नाही हा आपल्या संस्कृतीचा जुना अनुभव आहे. ज्या सुनेला सासऱ्याजवळ बसण्यासाठी दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी किंवा शेतातली रोजंदारी सोडावी लागली, तिची बुडालेली मजुरी कोणत्याच हिशेबात येत नाही.

बायकोची कथा आणखी विचार करण्याजोगी आहे. शिपायाची पेन्शन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या निम्मी असते. तो गेल्यावर विधवेला मिळणारी सामान्य कुटुंब-पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. काही काळ वाढीव दर मिळतो खरा, पण तो सैनिक सदुसष्ट वर्षांचा झाला असता तेथवरच. पंचाऐंशीव्या वर्षी गेलेल्याच्या विधवेला त्याचा उपयोग नाही. म्हणजे जिने पन्नास टक्क्यांत त्याची देखभाल केली, तिची पाळी येते तेव्हा घरात तीस टक्के उरलेले असतात, आणि तिच्यासाठी हात देणारी ‘ती’ही उरलेली नसते.

ज्या घरांना परवडते ती घरे ब्यूरोतून बाई आणतात. मावशी, आयाबाई अशी तिची नावे. बारा-बारा तास ती परक्या म्हाताऱ्याचे अंग पुसते, बेडपॅन उचलते. ती बहुधा कोणत्या वस्तीतून येते हे ब्यूरोवाल्याला विचारण्याची गरज नाही. ज्या कामाला वर्णव्यवस्थेने घाण ठरवले ते काम करणाऱ्यांच्या पोरीबाळीच शहरात ते काम पगार घेऊन करीत आहेत, आणि त्यातला मोठा वाटा मधला माणूस घेतो. तिच्या स्वतःच्या घरी एखादा पेन्शनर आजा खाटेवर पडलेला असेल तर त्याच्याजवळ कोण बसते? शेजारीण, किंवा शाळा बुडवून बसलेली नात. म्हणून शुश्रूषेचा भत्ता ही केवळ म्हाताऱ्याची सोय नाही. तो घरातल्या बाईच्या हाती आला तर तिच्या श्रमाला प्रथमच मोल मिळेल. त्याकडे स्त्रीच्या मजुरीचा प्रश्न म्हणूनही पाहिले पाहिजे.

७

नियम बदलेपर्यंत जे आज मिळण्यासारखे आहे ते तरी सुटू नये. येथे आपल्या कार्यकर्त्यांना पुष्कळ करता येईल, कारण हक्क बहुतेक वेळा कागदावर अडतो.

वयपरत्वे वाढ जन्मतारखेवर अवलंबून असते. जुन्या अनेक पेन्शन आदेशांत, म्हणजे पीपीओत, जन्मतारीख नाही. विधवेची तर बहुधा नसतेच. ज्या घरात जन्माची नोंद करणारे कोणी नव्हते, तेथे भरतीच्या वेळी साहेबाने अंदाजाने लिहिलेले वयच पुढे खरे ठरते. तेव्हा ऐंशी भरण्याची वाट न पाहता पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि आधार यांतील तारखा व नावे आजच ताडून पाहावीत. पत्नीचे नाव नोंदले आहे का, माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांत घोळ आहे का, हे शिपाई हयात असताना रेकॉर्ड ऑफिसला कळवून दुरुस्त करून घ्यावे. तो गेल्यावर तेच काम विधवेला वर्षानुवर्षे फिरवते.

लष्करी पेन्शनचा कारभार आता ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून प्रयागराजच्या कार्यालयाकडून चालतो. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. आयुष्यभर राबलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, आणि पोस्टमनला घरी बोलावूनही दाखला देता येतो. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराला सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा बँकेने घ्यावा, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. बँकेचा माणूस ‘त्यांना इथे घेऊन या’ म्हणाला, तर या सूचनांची त्याला आठवण करून द्यावी.

ज्याचे अपंगत्व सेवेतले आहे आणि पुढे वाढले आहे, त्याने रेकॉर्ड ऑफिसमार्फत पुन्हा मेडिकल बोर्ड मागावे. सेवेचा संबंध नाकारला गेला असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल लक्षात ठेवावा. भरतीच्या वेळी नोंदला न गेलेला आजार नोकरीत उद्भवला, तर तो सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार शिपायावर नाही, असे त्यात सांगितले आहे. दाद मागण्यासाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईत आहे. पेन्शन नसलेल्यांच्या विधवा कोणत्या गावात आहेत याची यादी आपल्या विहारांनी, समाजमंदिरांनी करावी आणि ते अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वतः नेऊन द्यावेत. आठ हजारांची ही ग्रँट अर्ज केल्यावाचून कोणाच्या घरी चालत येत नाही.

८

मागणी काय असावी, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. सोबतीच्या माणसाचा भत्ता आज फक्त लढाईच्या जखमेला किंवा सेवेतल्या आजाराला मिळतो. जो माजी सैनिक किंवा जी विधवा वयामुळे परावलंबी झाली आहे, त्यांना तो मिळाला पाहिजे; सर्व हुद्द्यांना सारखा, जसा तो आजही शंभर टक्के अपंगांना सारखाच आहे. पेन्शन नसलेल्यांचे साहाय्य ध्वजनिधीच्या वर्गणीवर न ठेवता कायद्याने दिलेला हक्क केला पाहिजे. आणि घरातली जी बाई ही शुश्रूषा करते तिचे नाव त्या कागदावर आले पाहिजे, रक्कम तिच्या हाती पडली पाहिजे.

शिपायाने देशाला तरुण शरीर दिले तेव्हा त्याची छाती, उंची, वजन सगळे मोजून घेतले होते. तेच शरीर थकून परत आले आहे. त्याला उठवून बसवण्याचा खर्च किती, हे मोजायला शासनाला कोणतीही नवी फुटपट्टी लागत नाही. वलंगकरांच्या अर्जात नोकरीचे दार उघडा अशी मागणी होती. आजच्या अर्जात, त्या दारातून आत गेलेल्यांना शेवटपर्यंत माणसासारखे जगू द्या, एवढेच लिहायचे आहे. तो अर्ज आता एकेकट्या विधवेने नव्हे, सर्वांनी मिळून लिहावा.